दोन घास उरले, तर उरू द्या: वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतरचं जेवण

दुपारी एकला मोबाइलचा गजर झाला, तेव्हा माझी मावसबहीण पुस्तक वाचत बसली होती. भूक? नावालाही नाही. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे होऊन गेले होते, आणि त्या सहा आठवड्यांत पोटात कावळे ओरडलेत असं एकदाही झालं नव्हतं. गजर झाला की उठायचं, वाटी घ्यायची, चहाचा चमचा घ्यायचा. त्या दिवशी वाटीत मऊ शिजवून कुस्करलेलं एक अंडं होतं आणि त्यावर दोन चमचे दही. चमचा अर्धाच भरायचा, घास पार पातळ होईपर्यंत चावायचा, चमचा खाली ठेवायचा, थांबायचं, मग पुढचा. बरेच घास झाल्यावर ताईचं नाक वाहायला लागलं. तिने चमचा बाजूला ठेवला.

समोर बसलेल्या मावशीचं लक्ष वाटीकडे. "अगं, दोनच घास राहिलेत. संपवून टाक की. एवढंसं तर खातेस."

ताईने संपवले. दहा मिनिटांनी ती बेसिनपाशी वाकून उभी होती. छातीच्या मधोमध कुणी मूठ दाबून धरल्यासारखं दुखत होतं, तोंडाला पाणी सुटत होतं आणि बाहेर पडत होता तो नुसता पांढरा, चिकट फेस. मागोमाग ते दोन घास आले, मग त्यांच्या आधीचेही.

मावशीला दोष द्यावा म्हणून हे सांगत नाहीये. जेवण म्हणजे वाढलेलं संपवणं, हे आपल्या सगळ्यांच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की त्याला आपण नियमही म्हणत नाही. पण या ऑपरेशननंतर जेवणाचे दोन कारभारी वेगळे होतात. सुरुवात कधी करायची हे घड्याळ ठरवतं, थांबायचं कधी हे पोट ठरवतं. वाटीत काय उरलंय याला या दोन्ही निर्णयांत मत नाही. हे असं का, ते नीट समजून घ्यायचं तर आधी आत काय बदललंय ते बघावं लागेल.

फुग्याची झाली नळी

आपलं जठर रिकामं असताना जेमतेम मुठीएवढं असतं. जेवायला बसलो की त्याचा वरचा, घुमटासारखा भाग आपोआप सैल पडतो. व्हेगस नावाची नस तसा निरोप पोचवते. म्हणून लिटरभर अन्न आत गेलं तरी आतला दाब फारसा चढत नाही. भरपेट जेवल्यावर वर आणखी एखादा गोड घास खपून जातो, तो या सैलपणाच्या जोरावर.

स्लीव्ह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऑपरेशनमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, आणि नेमका तो घुमट त्यात जातो. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. तिच्यात साधारण १०० ते १५० मिली मावतं, आणि तिला आधीच्या घुमटासारखं सैल पडता येत नाही. गादीच्या खोळीत आणखी मूठभर कापूस कोंबता येतो, पण काठोकाठ भरलेल्या बाटलीत चमचाभर पाणीही जात नाही. पूर्वीचं पोट खोळीसारखं होतं, आताचं बाटलीसारखं आहे. 'पुरे झालं' आणि 'फार झालं' यांच्यात पूर्वी वाटीभराचं अंतर असायचं. आता ते दोन घासांचं असतं. ताईच्या बाबतीत अक्षरशः दोन.

वजन कमी करण्याचं दुसरं ऑपरेशन म्हणजे बायपास, हृदयाची नव्हे, जठराची. त्यात वेगळी रचना असते. अन्ननलिकेच्या टोकाशी जठराचा एक छोटा कप्पा वेगळा करतात, साधारण ३० मिलीचा, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. त्याला थेट लहान आतडं जोडतात, आणि त्या जोडाचं तोंड सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं असतं. १९६६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी हे ऑपरेशन पहिल्यांदा केलं. तेव्हापासून तंत्र बरंच बदललं, पण छोटा कप्पा आणि वळवलेली वाट ही कल्पना तीच राहिली. यात एक गोष्ट फारसं कुणी समजावून सांगत नाही. जठराचा खालचा भाग अन्न घुसळून त्याचे अगदी बारीक कण करतो, आणि मगच पुढे सोडतो. बायपासमध्ये हा भाग शरीरात राहतो, पण अन्नाच्या वाटेवर राहत नाही. घरातला मिक्सरच बंद पडल्यासारखं झालं. ते काम आता दातांनी करायचं. 'चावून चावून खा' हे इथे आजीचं बोधवाक्य नाही, यंत्राची गरज आहे.

आणि तो फेस? अन्न अरुंद जागी अडकलं की ते खाली सरकावं म्हणून तोंड लाळ सोडत राहतं. वाट बंद असल्याने ती लाळ घासाच्या वरच साचते आणि परत येते. दिसायला भयंकर, पण अधूनमधून झालं तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच: घास मोठा होता, घाई झाली, किंवा थांबायची खूण हुकली.

आणखी एक बदल डोळ्यांना दिसत नाही. अन्न आता लहान आतड्याच्या खालच्या भागात पूर्वीपेक्षा लवकर पोचतं. तिथल्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय नावाची हॉर्मोन्स सोडतात. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देण्यात यांचा मोठा वाटा असतो, आणि ऑपरेशननंतर जेवल्यावर ही दोन्ही पूर्वीपेक्षा खूप जास्त प्रमाणात सुटतात. म्हणून पाचव्या घासापर्यंत चवीने खाणारा माणूस सहाव्याला अचानक वाटीकडे बघेनासा होतो. घरच्यांना वाटतं नाटक आहे. नाटक नसतं.

भुकेच्या जागी गजर

१९९९ साली जपानमधल्या मासायासु कोजिमा आणि केन्जी कांगावा यांच्या गटाने जठरातून निघणारं एक हॉर्मोन शोधलं, घ्रेलिन. जेवणाची वेळ जवळ आली की ते चढतं आणि भूक लागते. ते मुख्यतः त्या घुमटातच बनतं. स्लीव्हमध्ये घुमट गेला की घ्रेलिनही बरंच उतरतं. बायपासमध्ये घ्रेलिनचं गणित माणसागणिक वेगळं असतं, पण वर सांगितलेल्या आतड्यातल्या हॉर्मोन्समुळे भूक तिथेही मंदावतेच. पहिले काही महिने बऱ्याच जणांना भूक म्हणजे काय हे आठवावं लागतं.

ऐकायला हे वरदान वाटतं. पण भूक म्हणजे नुसता त्रास नव्हे, ती शरीराची आठवण करून देणारी व्यवस्था आहे, आणि ती बंद पडल्यावर माणूस सरळ जेवायचं विसरतो. सकाळचं राहिलं, दुपारी थोडं खाल्लं, संध्याकाळी गळून गेल्यासारखं झालं, आणि वजनकाटा उतरतोय म्हणून मन खूश! काट्यावर मात्र चरबी गेली की स्नायू गेले ते कळत नाही. प्रथिनं कमी पडली की शरीर स्नायूंना हात घालतं. म्हणून बहुतेक ठिकाणी दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं आणि किमान दीड लिटर पातळ पदार्थ घ्यायला सांगतात. ३० मिलीच्या कप्प्यात किंवा अरुंद नळीत हे एकदम बसणार नाही हे उघड आहे. मग ते दिवसभरात वाटावं लागतं, आणि वाटायचं तर घड्याळ हवं.

हे गणित एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. दिवसात पाच छोटी जेवणं धरू. प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटं. जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. म्हणजे एका जेवणापायी साधारण ५५ मिनिटं पाण्याविना गेली. पाच जेवणांची झाली साडेचार तासांहून थोडी जास्त. माणूस १५ तास जागा असेल, तर दीड लिटर पाणी उरलेल्या सव्वादहा-साडेदहा तासांत बसवायचं. तासाला जवळपास १४५ मिली, आणि तेही घोटाघोटाने, कारण पेला तोंडाला लावून गटागटा पिणं काही काळ जमतच नाही. यात गोळ्यांची भर घाला. कॅल्शियम दिवसाला १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम सांगितलेलं असतं, पण शरीर एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमच नीट शोषतं, म्हणून त्याचे तीन भाग. लोह त्याच्यापासून दोन तास लांब, कारण दोन्ही एकत्र गेली की कॅल्शियम लोहाला आडवं येतं.

आता कळेल की जेवण लांबलं तर काय होतं. 'हळूहळू खाते, उरलंय ते तासाभरात संपवते' असं म्हणत वाटी मांडीवर घेऊन बसलं, की पाण्याची वेळ खाल्ली जाते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत माणसं पुन्हा दवाखान्यात दाखल होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणं. एखादं जेवण अर्धं राहिलं तर पुढच्या जेवणाला भरून निघतं. दिवसभराचं पाणी राहिलं तर तसं होत नाही. मला विचाराल तर पहिल्या दोन महिन्यांत जेवणापेक्षा पाण्याचा गजर जास्त महत्त्वाचा.

जेवताना पाणी का नको, याचं उत्तर जागेत आहे. छोट्या जागेत पाणी गेलं की प्रथिनांची जागा जाते. शिवाय पातळ झालेलं अन्न पटकन पुढे सरकतं, असंही मानतात. हा नियम मोठ्या प्रयोगांतून कमी आणि अनुभवातून जास्त आलेला आहे, म्हणून मिनिटं ठिकठिकाणी वेगळी सांगतात. कुणी जेवणाआधीही पंधरा मिनिटं पाणी बंद ठेवायला सांगतं. अशा बाबतीत सरळ आपल्या सर्जनच्या आणि आहारतज्ज्ञाच्या कागदावर जे असेल ते पाळावं, इंटरनेटवरच्या मिनिटांशी वाद घालू नये.

थांबायचं कधी

पूर्वी पोट भरलं हे पोटात कळायचं. आता ते बऱ्याचदा भलतीकडेच कळतं. नाक वाहायला लागतं. एकच उचकी येते. एक खोल उसासा निघतो, कारण काहीच नसताना. शिंक येते. छातीच्या हाडामागे किंवा डाव्या खांद्यापाशी हलका दाब जाणवतो. घास तोंडात फिरतो पण गिळावासा वाटत नाही. प्रत्येकाची खूण निराळी असते आणि ती बहुधा ठरलेली असते. कुणाची नाकाची, कुणाची उचकीची. ती ओळखायला दोन-चार आठवडे लागतात आणि दरम्यान एक-दोनदा बेसिन गाठावं लागतं. ताईची खूण नाक होती. त्या दुपारी पोटाने तिला अगदी वेळेवर सांगितलं होतं, तिने ऐकलंही होतं, चमचाही ठेवला होता. ऐकलं नाही ते आम्ही.

खूण नीट ऐकू यावी म्हणूनच हळू खायचं. चहाच्या चमच्यात ५ मिली मावतं. मिनिटाला साधारण एक चमचा धरला तर वीस मिनिटांत १०० मिली जातं, आणि सुरुवातीच्या महिन्यांतल्या स्लीव्हची मजल तिथेच आसपास संपते. म्हणजे एका जेवणाला 'वीस ते तीस मिनिटं' द्या असं सांगतात, तो आकडा हवेतून काढलेला नाही. त्याहून भरभर खाल्लं तर खूण पोचायच्या आत नळी भरते. आणि त्याहून फार हळू खाल्लं तर वरून घालेपर्यंत खालून रिकामं होतं. खूण येतच नाही आणि माणूस तासभर खात बसतो. हळू खा असं सगळे सांगतात, पण अर्ध्या तासाने थांबा हे सांगायचं राहून जातं.

वाटीत काय उरतं, ते ठरतं आपण आधी काय खाल्लं यावर. जेवण अर्धं राहणार हे जवळपास नक्कीच आहे असं धरून चालायचं आणि मग ठरवायचं की राहिलं तर काय राहू द्यायचं. म्हणून प्रथिनं पहिली: अंडं, मासा, दही, मऊ शिजवलेलं मांस, कडधान्यं. मग भाजी. भात किंवा ब्रेडसारखे पदार्थ सगळ्यांत शेवटी, जागा राहिली तर. पाच जेवणांत ६० ग्रॅम प्रथिनं गाठायची तर प्रत्येकात १२ ग्रॅम यायला हवीत, आणि एका अंड्यात असतात साधारण सहा. आधी भात खाऊन अंडं उरवलं तर दिवसभरात किती तूट पडेल, हा हिशोब कुणालाही करता येईल. तेच अंडं खाऊन भात उरवला, तर काहीही बिघडलेलं नाही. दोन्ही वाट्यांत अर्धंच उरलंय, पण एक जेवण पूर्ण झालंय आणि दुसरं नाही.

उरलेल्याचं काय करायचं

थांबल्यावर वाटी उचलायची. झाकून फ्रीजमध्ये, किंवा घरात दुसऱ्या कुणाच्या पानात. समोर ठेवायची नाही. हे क्षुल्लक वाटतं, पण उरलेल्या अन्नातून होणारा खरा घोटाळा उलटीचा नसतो, तो चाळीस मिनिटांनी होतो. पोट थोडं रिकामं झालेलं असतं, वाटी टेबलावर तशीच असते, जाता-येता एक घास, मग आणखी एक. असं दिवसभर चरत राहण्याची सवय ऑपरेशननंतर वजन अपेक्षेपेक्षा कमी उतरण्याशी आणि पुढे परत वाढण्याशी जोडलेली आढळते. एका वेळी पोटात किती मावतं यावर ऑपरेशनने मर्यादा घातली; दिवसातून किती वेळा भरायचं यावर घातलेली नाही. तेवढी एक फट राहून गेली आहे आणि उरलेली वाटी नेमकी त्या फटीतून आत शिरते.

वाया जातंय म्हणून जीव तुटतो, हे खरंच. त्यावर उपाय वाढण्यात आहे, संपवण्यात नाही. लहान वाटी, दोन-तीन मोठे चमचे, आणि लागलं तर परत घेता येईल ही मोकळीक. रोज थोडं उरतंय तर उद्यापासून एक चमचा कमी वाढा.

मधुमेह असेल तर मात्र इथे जास्त सावध राहावं लागतं, आणि हा भाग वाचताना घाई करू नका. जेवणाआधी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतल्या जातात त्या 'आता एवढं जेवण जाणार' असं धरून. जेवण अर्धं राहिलं पण औषध पूर्ण गेलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. ऑपरेशननंतर मधुमेहाच्या औषधांचे डोस बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांतच कमी करावे लागतात. किती आणि कधी, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण 'माझं जेवण बऱ्याचदा अर्धं राहतं' हे त्यांना आपणच सांगायचं असतं. ते सांगितल्याशिवाय त्यांच्या कागदावर येत नाही.

उरलेलं किती, यावरून आणखी एक गोष्ट कळते. आठवड्यागणिक वाटीतलं हळूहळू कमी उरत जातं, हा नेहमीचा प्रवास. तो उलटा फिरला, म्हणजे काल मऊ अन्न जात होतं आणि आज फक्त पातळच जातंय, उद्या तेही अडायला लागलं, तर ते मनाचे खेळ समजू नका. बायपासनंतर साधारण पहिल्या तीन महिन्यांत जोडाचं तोंड आकसू शकतं. स्लीव्हची नळीही एखाद्या जागी अरुंद होऊ शकते. दुर्बिणीतून फुगा घालून हे बऱ्याचदा रुंद करता येतं. पण त्यासाठी वेळेवर जायला हवं. शरीरातला थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. रोज उलट्या होत राहिल्या की तो संपतो, आणि मग मेंदूला इजा होऊ शकते. एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं वागणं, यांतलं काहीही दिसलं तर फॉलो-अपच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि ऑपरेशन झालंय हे आवर्जून सांगायचं. कारण अशा वेळी थायमिन आधी द्यावं लागतं; ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर अवस्था बिघडू शकते.

वर्षभराने घड्याळाचं काम उलटतं

सहाव्या-आठव्या महिन्यानंतर कधीतरी भूक परत येते. बऱ्याच जणांना ती आली की धस्स होतं: ऑपरेशन फसलं की काय? फसलेलं नसतं. शरीर जुळवून घेत असतं. सूज उतरलेली असते, पोट थोडं सैलावलेलं असतं, एका वेळी वाटीभर अन्न जायला लागतं. एखाद्या दिवशी चार घास जास्त गेले म्हणून पोट कायमचं ताणलं, ही भीती मात्र सोडून द्या. एका जेवणाने तसं होत नाही. वजन साधारण वर्ष-दीड वर्षात सर्वांत खाली येतं, आणि त्यानंतर थोडं वर सरकणं नेहमीचंच आहे.

पण इथे घड्याळाची भूमिका बदलते, आणि ती बदललीय हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. सुरुवातीला घड्याळ सांगत होतं, 'ऊठ, खा.' आता त्याने सांगायचं असतं, 'अजून वेळ झाली नाही.' तीन जेवणं, लागल्यास मध्ये एखादं छोटं खाणं, आणि त्यांच्या मधल्या काळात स्वयंपाकघर बंद. पूर्वीचा गजर आता कुंपण होतो. मऊ, सहज घसरणारे पदार्थ, म्हणजे बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम, नळीत अडत नाहीत, खूण देत नाहीत आणि वाटीत उरतही नाहीत. ज्या पदार्थाचा कधीच एकही घास उरत नाही, त्याच्याकडे जरा संशयाने बघावं असं मी म्हणेन.

वेळ सांभाळण्याचं आणखी एक कारण आहे, मुख्यतः बायपास झालेल्यांसाठी. गोड किंवा पिष्टमय पदार्थ झपाट्याने आतड्यात ओतले गेले की तासाभराच्या आत छाती धडधडते, घाम येतो, पोटात पिळवटतं, जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात. दुसरा प्रकार उशिरा येतो. रक्तात साखर एकदम चढते, तिच्यासाठी इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, आणि खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी साखर धाडकन खाली येते. हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हा दुसरा प्रकार सहसा ऑपरेशननंतर वर्षभराने किंवा त्याहूनही उशिरा डोकं वर काढतो, त्यामुळे त्याचा ऑपरेशनशी संबंध असेल असं घरात कुणाच्या मनातही येत नाही. जेवण चुकवून मग एकदम गोडावर तुटून पडणं, हा त्याला बोलावण्याचा रस्ता. प्रथिनं असलेलं थोडं थोडं आणि ठरल्या वेळी, हा त्याला लांब ठेवण्याचा. तसं वारंवार होत असेल तर खाण्याच्या वेळा आणि लक्षणांच्या वेळा शेजारी-शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात. निदानाला त्या दोन रकान्यांचा फार उपयोग होतो.

दिवसाच्या कुठल्या वेळी खातो यानेही फरक पडतो का? स्पेनमध्ये ऑपरेशन झालेल्या २७० जणांचा सहा वर्षं पाठपुरावा करून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचं वजन कमी उतरलं, त्यांच्यात दुपारचं मुख्य जेवण तीननंतर घेणारे जास्त होते. यावरून उशिरा जेवल्यामुळेच वजन अडलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. दोन गोष्टी सोबत आढळल्या एवढंच. पण दिवस चढत जातो तसं शरीर साखर हाताळायला मंदावतं, हे इतर संशोधनातूनही दिसतं. स्लीव्ह झालेल्यांना रात्री उशिरा न जेवण्याचं दुसरं, अगदी रोकडं कारण आहे. अरुंद नळीतला दाब आधीच जास्त. त्यात जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं. निजायच्या आधी दोन-तीन तास पोटाला द्यावेत.

चारचौघांत जेवताना या सगळ्याची खरी परीक्षा होते. दुसऱ्याच्या घरी पान अर्धं टाकून उठणं फार अवघड जातं, आणि सगळ्यांना ऑपरेशनची हकिकत सांगायची इच्छा असतेच असं नाही. ताई आता वाढायच्या आधीच सांगते, "मला चमचाभरच, लागलं तर मागून घेईन." ती मागून कधी घेत नाही, पण वाढणाऱ्याचं समाधान होतं. घरच्यांसाठी तर एकच सांगणं: तिचे घास मोजू नका, ना कमी म्हणून ना जास्त म्हणून.

परवा मी तिच्याकडे होते. ऑपरेशनला दीड वर्ष होऊन गेलंय. एकला गजर झाला, आता तिला भूकही लागलेली होती. मासा आणि भाजी खाऊन झाली, बाजूला घेतलेल्या भाताचा जेमतेम एक घास राहिला आणि तिने रुमालाने नाक पुसलं. मावशीने ते पाहिलं, काही न बोलता पान उचललं आणि आत गेली. आम्ही गप्पा मारत बसलो. दोनला पाच मिनिटं कमी असताना दुसरा गजर वाजला, तो पाण्याचा.